तुम्ही विचारलंत म्हणून: टॅरोत भांडणाचं कार्ड उलटं, म्हणजे चित्र डोकं खाली, आलं, म्हणजे भांडण मिटलं ना?

नाही. हे मी फोनवर, व्हॉट्सॲपवर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत सांगितलंय, आता लिहूनच टाकते.

तुमचा हिशोब कळतो मला. फाइव्ह ऑफ वॉण्ड्स हे भांडणाचं कार्ड सरळ आलं म्हणजे कटकट, मग उलटं आलं की शांतता. पण १९०९ चा जो रायडर-वेट डेक, म्हणजे टॅरो कार्डांचा संच, आपण बहुतेक जण वापरतो, तो तयार करवून घेणाऱ्या वेटनेच सरळ कार्डाला लुटुपुटूची लढाई, चढाओढ म्हटलंय, आणि उलट्याला काय, तर कोर्टकचेरी आणि फसवाफसवी. म्हणजे उलटं जास्त वाईट! फाइव्ह ऑफ स्वॉर्ड्स या दुसऱ्या भांडणाच्या कार्डाला तर उलट्यापुढे 'तेच' लिहून वर दफनविधी जोडलाय. 'वाद निवळतोय, तडजोड होतेय' हे सगळं नंतरच्या लोकांनी लावलं. मीही लावते, खोटं कशाला बोलू.

एक बाई आल्या होत्या. वडिलांच्या जागेवरून भावाशी वाद, हक्कसोडपत्रावर सही करायची की नाही. फाइव्ह ऑफ स्वॉर्ड्स आलं, उलटं. तीन तलवारी गोळा करून छद्मी हसणारा तो माणूस, दोन तलवारी खाली पडलेल्या, आणि लांब पाण्याच्या दिशेने चाललेले दोघे पाठमोरे. मी सुरू केलं, जिंकायची खुमखुमी कमी होतेय, समेटाला वाव आहे वगैरे. त्या म्हणाल्या, "मॅडम, मला तर सरळच दिसतंय."

बरोबरच होतं, त्या समोर बसल्या होत्या. मी म्हटलं, रीडरची, म्हणजे कार्ड वाचणाऱ्याची बाजू धरायची असते, शफल करायच्या आधीच ते ठरलेलं असतं. आणि यात काही चूक नाही, आजही मी तेच मानते. पण त्यांनी त्या सगळ्यात लांबच्या, तोंड झाकून घेतलेल्या माणसावर नख ठेवलं आणि म्हणाल्या, "ही मी. तुमच्या बाजूनं बघितलं की भाऊ हसायचा थांबतो का?"

मला काही बोलता आलं नाही. सहीचं वकिलाला विचारा म्हटलं, कारण ते कागद एकदा रजिस्टर झाले की मागे फिरणं सोपं नसतं आणि ते माझ्या टेबलावर ठरू नये. पण वकील काय त्यांना माहीत नव्हता? त्या भावाच्या मनातलं कळेल म्हणून आल्या होत्या. पैसे ठेवले आणि गेल्या.

त्यानंतर मी उलटी कार्डं बंदच केली, बरेच रीडर करतात तसं. शेजारी टू ऑफ कप्स आलं तर समेट, टॉवर आलं तर विसरा, एवढं पुरतं असं तेव्हाची मी ठासून सांगायची. अगं पण मग तेही तूच ठरवतेयस ना! शिवाय सगळीच भांडणं एकाच सुरात वाचली जायला लागली, आत्ता पेटलेलं आणि विझत आलेलं यात फरकच राहीना. परत सुरू केली. यावर 'ही प्राचीन परंपरा आहे' म्हणून माझी बाजू घेऊ नका प्लीज, उलट-सुलट अर्थ पॅरिसच्या एतेया नावाच्या पत्त्यांवरून भविष्य सांगणाऱ्याने १७७० मध्ये छापले, तेही खेळायच्या साध्या पत्त्यांचे.

हल्ली भांडणाचा प्रश्न असला की मी समोरच्याला माझ्या शेजारी खुर्ची देते, म्हणजे दोघांना एकच बाजू दिसते. काहींना ते आवडत नाही. समोर बसलं की जरा तरी भविष्यवाल्याकडे आल्यासारखं वाटतं म्हणे.