तुम्ही विचारलंत म्हणून : लिनक्सवाला स्टीमवर काय करतो?

मी विंडोजऐवजी लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीवर गेम खेळतो हे कळल्यानंतर थोड्याच वेळात एक प्रश्न हमखास येतो. "एरवी मुक्त सॉफ्टवेअरचा एवढा आग्रह धरता, कंपन्या ग्राहकाला बांधून ठेवतात म्हणून चिडता, आणि गेम मात्र स्टीमच्या ऑनलाइन दुकानातून घेता. हे कसे बसते तुमच्या तत्त्वात?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर बहुधा किंचित हसू असते, आणि ते रास्तही आहे. माझे प्रामाणिक उत्तर असे आहे की ते तत्त्वात बसत नाही. मी एवढेच पाहतो की पैसे देताना आपण नेमके काय घेतो आहोत, याबद्दल निदान स्वतःची तरी फसवणूक होऊ नये.

व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीमने लिनक्ससाठी काय केले हे आधी सांगितले पाहिजे, नाहीतर पुढची तक्रार कृतघ्नपणाची वाटेल. १९९८ मध्ये सुरू झालेल्या लोकी सॉफ्टवेअर या कंपनीने नावाजलेले गेम लिनक्सवर आणण्याचा धंदा करून पाहिला आणि २००२ पर्यंत ती बंद पडली. २०१० मध्ये हंबल बंडलने विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालणारे गेम 'परवडेल ते द्या' या बोलीवर विकले, आणि सरासरीने सर्वांत जास्त पैसे लिनक्सवाल्यांनी मोजले; आम्ही फुकटे असतो हा समज तेव्हाच मोडायला हवा होता. स्टीमचा लिनक्ससाठीचा अधिकृत क्लायंट, म्हणजे गेम उतरवून चालवण्याचा प्रोग्रॅम, २०१३ च्या फेब्रुवारीत आला, पण खरा फरक पडला तो ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन आल्यावर. विंडोजसाठी लिहिलेला गेम ग्राफिक्ससाठी विंडोजच्या डायरेक्टएक्स या व्यवस्थेकडे ज्या मागण्या करतो, त्या वाटेतच अडवून लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कन या व्यवस्थेच्या भाषेत सांगायच्या, आणि बाकीचे दुभाषाचे काम १९९३ पासून चाललेल्या वाइन या प्रकल्पाकडे सोपवायचे, अशी ही योजना आहे. तिने हजारो गेम एका बटणाच्या अंतरावर आणून ठेवले. यामागे परोपकार नव्हता. विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टने स्वतःचे दुकान थाटले, तेव्हा आपला धंदा दुसऱ्याच्या जमिनीवर उभा असल्याची जाणीव व्हॉल्व्हला झाली आणि तिने स्वतःसाठी मागचा दरवाजा बांधून घेतला. त्या दरवाजातून आम्हीही आत आलो, इतकेच.

आता अडचण अशी की जे दुकान लिनक्सकडे लक्ष देते ते गेम माझ्या हाती देत नाही, आणि जे दुकान गेम हाती देते त्याचे लिनक्सकडे फारसे लक्ष नाही. जीओजी हे दुकान २००८ पासून कुलपाशिवाय, म्हणजे वापरावर पहारा ठेवणाऱ्या तांत्रिक बंधनाशिवाय (डीआरएम), गेम विकते. पैसे भरा, इन्स्टॉलर उतरवून घ्या, हव्या त्या डिस्कवर ठेवा. नंतर कुणाला विचारायला नको. २०१४ पासून तिथे लिनक्सच्या आवृत्त्याही मिळतात. परंतु त्यांचा गॅलेक्सी नावाचा अधिकृत क्लायंट लिनक्सवर नाही, आणि स्टीमवर लिनक्स आवृत्ती असलेला गेम तिथे फक्त विंडोजसाठी ठेवलेला असतो, असे अनेकदा दिसते. मग आम्ही स्वयंसेवकांनी लिहिलेल्या हिरोइक लाँचर या पर्यायी क्लायंटचा आधार घेतो. म्हणजे दुकानाने करायचे काम गिऱ्हाईक करते, आणि वर दुकानाचे आभारही मानते. एपिकच्या दुकानाबद्दल मला थोडेच म्हणायचे आहे: ते निर्मात्यांकडून १२ टक्क्यांपेक्षा जास्त वाटा घेत नाही ही चांगली गोष्ट आहे, पण ज्या दुकानाने माझ्यासाठी दारच ठेवलेले नाही त्याच्या आतल्या हिशेबाचे कौतुक मी कितीसे करणार? इच.आयओ मात्र मनापासून आवडते. तिथे लहान निर्मात्यांचे गेम साध्या झिप फाइलमध्ये मिळतात आणि बहुधा तेवढेच पुरते.

स्टीमवर 'विकत घ्या' असे म्हटले जात असले, तरी करारात स्पष्ट लिहिलेले आहे की तुम्हाला मिळतो तो वापराचा परवाना. विक्री झालेलीच नाही. हे वाक्य वर्षानुवर्षे करारात पडून होते. डिजिटल माल विकताना परवान्याची स्पष्ट कल्पना दिल्याशिवाय 'खरेदी' हा शब्द वापरू नये, असा कायदा कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये केला, आणि तो लागू होण्याच्या आधीच स्टीमच्या पैसे भरण्याच्या पानावर तशी एक ओळ आली. ओळ आली हे बरे झाले. पण पाटी बदलली म्हणून माल बदलत नाही.

परवाना म्हणजे काय, हे 'द क्रू' या गेमने दाखवून दिले. २०१४ साली आलेल्या या मोटारशर्यतीच्या गेमला एकट्याने खेळतानाही सर्व्हरशी जोडणी लागत असे. ३१ मार्च २०२४ रोजी त्याची प्रकाशक कंपनी युबीसॉफ्टने सर्व्हर बंद केले आणि पाठोपाठ लोकांच्या खात्यांतून त्याचे परवानेही काढून घेतले. यातूनच यूट्यूबर रॉस स्कॉट यांची 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि युरोपीय संघातील नागरिकांच्या याचिकेने २०२५ च्या जुलैमध्ये १० लाख स्वाक्षऱ्यांची अट ओलांडली. तिची मागणी साधी आहे: सर्व्हर कायम चालवा असे कुणी म्हणत नाही, पण बंद करताना गेम खेळण्याजोगा सोडून जा.

लिनक्सवर खेळणाऱ्याला हा अनुभव लहान प्रमाणात आधीपासून आहे, आणि आमच्या बाबतीत तो जास्त विचित्र असतो, कारण गेम मरत नाही. तो इतरांसाठी जिवंत राहतो आणि फक्त आम्हालाच बाहेर काढले जाते. 'रॉकेट लीग'ची लिनक्स आवृत्ती रीतसर विकली जात होती. तिची निर्माती कंपनी २०१९ मध्ये एपिकने घेतली आणि २०२० च्या मार्चमध्ये लिनक्स व मॅकवरचा ऑनलाइन खेळ बंद झाला. तेव्हा निदान पैसे परत मागायची सोय ठेवली होती. 'एपेक्स लेजेंड्स'चे तसे नाही. प्रोटॉनमधून तो उत्तम चालत होता, स्टीम डेक या व्हॉल्व्हच्या हातात धरायच्या, लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रावर लोक खेळत होते, आणि २०२४ च्या ऑक्टोबरअखेर फसवणूक करणारे खेळाडू लिनक्सचा आडोसा घेतात असे कारण देऊन सगळ्या लिनक्सला दार बंद करण्यात आले. गेम फुकट होता हे खरे, पण आतल्या पोशाखांवर आणि सजावटीवर लोकांनी पैसे घातले होते. त्याची दाद कुणाकडे मागणार? विक्रेता म्हणू शकतो की आम्ही लिनक्सचे वचन कधी दिलेच नव्हते.

माझ्या मते या विषयाचे मर्म इथेच आहे. प्रोटॉनमुळे आमच्याकडे गेम पुष्कळ आले आणि हक्क कमी झाले. मूळ लिनक्स आवृत्ती विकली जात असे तेव्हा दुकानाच्या पानावर लिनक्सचे चिन्ह असे; ते वचन होते, आणि ते मोडले तर बोट दाखवता येत असे. आता पानावर फक्त विंडोज लिहिलेले असते, गेम चालतो, सगळे खूश असतात, आणि चालेनासा झाला की आम्ही वचनाबाहेरचे गिऱ्हाईक ठरतो. स्टीम डेकसाठी 'तपासलेला' असा शेरा मिळतो खरा, पण तो दुकानाने दिलेला असतो. गेमच्या कंपनीला तो बांधून ठेवत नाही.

वचन नसले की हाती उरते ती एकच गोष्ट, पैसे परत मिळण्याची मुदत. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर गेम परत करता येतो. ही सोय २०१५ च्या जूनमध्ये आली. त्याच्या आदल्या वर्षीच ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने व्हॉल्व्हला न्यायालयात खेचले होते. आम्ही वस्तू पुरवतच नाही, असा एक बचाव तिथे झाला. न्यायालयाने तो मानला नाही, कारण तिथल्या कायद्यात सॉफ्टवेअर ही वस्तूच आहे आणि वस्तूबरोबर येणारी हमी करारातल्या कलमाने पुसता येत नाही; २०१६ मध्ये ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. परवाना या शब्दाने ग्राहकाचे तोंड बंद होते असे ज्यांना वाटते त्यांनी हा निकाल जरूर लक्षात ठेवावा.

पण ते दोन तास कसे जातात ते पाहा. एका संध्याकाळी मी एक नवा गेम घेतला. पहिल्यांदा सुरू केला तर काळा पडदा, मागून संगीत चालू. प्रोटॉनची आवृत्ती बदलली. पडदा उजळला, पण नियंत्रकाची बटणे गायब. आणखी एक आवृत्ती, मग लोकांनी बांधलेली एक वेगळी आवृत्ती, मग सुरू होताना द्यायच्या पर्यायांत एक ओळ. प्रत्येक वेळी गेम उघडा होता तेवढी मिनिटे 'खेळलेला वेळ' म्हणून मोजली जात होती. पाचव्यांदा पडद्यावर वेगळीच सूचना आली: हा गेम फार जास्त यंत्रांवर सुरू करण्यात आला आहे, उद्या प्रयत्न करा. माझे यंत्र एकच, जागचे हललेही नव्हते. गेमवर लावलेले कुलूप मात्र प्रोटॉनची दर नवी आवृत्ती म्हणजे नवा संगणक असे समजत होते. तोपर्यंत १ तास ४० मिनिटे 'खेळून' झाली होती आणि मी पहिला दरवाजासुद्धा उघडला नव्हता. मी गेम परत केला, पैसेही मिळाले. वीस मिनिटे आणखी चिकाटी दाखवली असती तर मिळाले नसते, आणि त्या चिकाटीबद्दलच आम्हा लोकांची ख्याती आहे.

याची दुसरी बाजूही सांगतो, कारण इन्स्टॉलर हाती असला की सगळे साधले असे मानणारे मित्र मला आहेत. माझ्या डिस्कवर दहा वर्षांपूर्वीच्या एका गेमचा लिनक्ससाठीचा कुलूपविरहित इन्स्टॉलर आहे. मागच्या वर्षी तो काढला, चेकसम (फाइल बिघडलेली नाही हे पडताळण्याची संख्या) जुळवून पाहिला, बसवला, आणि गेम उघडता उघडता बंद पडला, कारण त्याला हवी असलेली एक जुनी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमना लागणारा तयार कोड, आताच्या व्यवस्थेत नाही. त्याच गेमची विंडोज आवृत्ती प्रोटॉनमधून बिनबोभाट चालते. ही गंमत पचवायला मला वेळ लागला. तरीही फरक उरतोच. ती लायब्ररी मी शोधून गेमच्या फोल्डरमध्ये टाकली आणि गेम चालू झाला. हे करायला मला कुणाचा सर्व्हर जिवंत असण्याची गरज पडली नाही. सर्व्हरवर अवलंबून असलेल्या गेमच्या बाबतीत असे खटपटीला वावच नसतो.

वापरलेला गेम पुढे विकता आला पाहिजे, या मागणीबद्दल मी फारसा उत्साही नाही. फ्रान्समधल्या ग्राहक संघटनेने हा मुद्दा व्हॉल्व्हविरुद्ध लढवला, २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयात जिंकला आणि २०२२ मध्ये अपिलात हरला. पुढे विकता आला नाही तरी चालेल. मला तो वीस वर्षांनी उघडता यावा, एवढेच हवे आहे.

म्हणून माझी रीत अशी झाली आहे. स्टीमवरचे सगळेच गेम कुलूपबंद नसतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. काही गेम स्टीम बंद ठेवून फोल्डरमधली फाइल थेट सुरू केली तरी चालतात. त्यामुळे नवा गेम घेतला की मी पहिल्या अर्ध्या तासातच नेटची जोडणी काढतो, स्टीम बंद करतो आणि तो उघडून पाहतो. उघडला तर त्या फोल्डरची प्रत डिस्कवर जाते. नाही उघडला, तर तो भाड्याने घेतलेला आहे असे मी धरतो, आणि किंमत भाड्याला शोभेल एवढी उतरल्याशिवाय त्या कंपनीचा पुढचा गेम घेत नाही. कर्नलमध्ये, म्हणजे संगणकप्रणालीच्या गाभ्यात, शिरून पहारा ठेवू पाहणारे आणि स्टीमच्या आत आणखी एक खाते उघडायला लावणारे गेम मी सरळ सोडून देतो. त्यामुळे मित्रांबरोबर खेळण्याच्या अनेक संध्याकाळी हुकल्या, आणि त्याचे वाईट वाटत नाही असे म्हणणे खोटे ठरेल.

आणि खरोखर आवडलेला गेम मी दोनदा घेतो. स्टीमवर खेळतो, कारण तिथे तो काही खटपट न करता चालतो आणि लिनक्सवर एक माणूस खेळला अशी नोंद निर्मात्याकडे जाते. काही महिन्यांनी भाव उतरला की तोच गेम जीओजीवरून घेतो, इन्स्टॉलर उतरवतो, चेकसमसकट डिस्कवर ठेवतो आणि बहुधा पुन्हा कधी उघडत नाही. अशा गेमचे फोल्डर आज एकोणतीस आहेत.