पोर्टेबल म्हणे!

"पोर्टेबल आहे, कुठंही न्या," दुकानदार म्हणाला होता. खोटं नव्हतं ते. मूठ धरून रेडिओचा संच खरोखर कुठंही नेता यायचा. गायचा मात्र एकाच ठिकाणी: आमच्या मागच्या खोलीतल्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात.

ज्यांच्याकडे वर्ल्डस्पेस कंपनीचा रेडिओ होता त्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. हा रेडिओ टॉवरवरून नाही, थेट उपग्रहावरून ऐकायचा. एशियास्टार हा उपग्रह मार्च २००० मध्ये वर गेला आणि विषुववृत्ताच्या वर, १०५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर ठाण मांडून बसला. आपल्याकडून पाहिलं तर पूर्व आणि आग्नेय यांच्या साधारण मधोमध, क्षितिजापासून जवळपास पन्नास अंश वर. संचाची चपटी अँटेना वायर लावून दूर ठेवता यायची. तिचं तोंड बरोबर तिकडे हवं आणि मधे काही नको. भिंत नको, पत्रा नको, झाडही नको.

आमच्या आणि एशियास्टारच्या मधे शेजारच्यांचा गुलमोहर होता.

उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं गळाली की सिग्नलच्या सगळ्या पट्ट्या उभ्या राहायच्या. जूनमध्ये झाड भरलं की गाणं आचके द्यायला लागायचं. गंमत म्हणजे पावसाचं त्याला काही वाटत नसे. धो धो कोसळत असताना छतावरच्या डिशचा टीव्ही हमखास मान टाकायचा, रेडिओ मात्र चालू! दीड गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी, त्यांना पावसाचे थेंब अडवत नाहीत. ओली पानं अडवतात. हे मला कुठल्या माहितीपत्रकातून नाही, बाबांच्या चिडचिडीतून कळलं. "पाऊस थांबला तरी हा रडतोय का रे?" थांबला होता, पण झाड निथळत होतं. शेवटी बाबांनी खिडकीच्या कट्ट्यावर पेन्सिलीने दोन रेघा मारल्या. एक कोरड्या महिन्यांची, दुसरी पावसाळ्याची, जिथून फांद्यांमधल्या एका फटीतून आकाश दिसायचं. अँटेना त्या त्या रेघेला टेकवायची. केर काढताना आईचा हात लागून ती दोन बोटं सरकली की त्या दिवशीचा राग अर्ध्यावर तुटायचा आणि घरात वेगळाच राग सुरू व्हायचा.

एवढा खटाटोप गांधर्व वाहिनीसाठी. दिवसभर हिंदुस्थानी शास्त्रीय, मधे एकही जाहिरात नाही. आकाशवाणीवर ठरलेल्या वेळी अर्धा तास मिळणाऱ्या माणसाला ही चैनच होती. आईची वाहिनी फरिश्ता, जुनी हिंदी गाणी. आवाज सीडीसारखा, असं लोक म्हणायचे; मला कधी पटलं नाही. आवाज एमपी३ करूनच, म्हणजे दाबून लहान करूनच खाली यायचा, आणि कुठल्या वाहिनीला किती किलोबिट, म्हणजे किती जागा दिली आहे त्यावर सगळं अवलंबून. बोलण्याच्या वाहिन्या डब्यातून बोलल्यासारख्या वाटायच्या. तानपुऱ्याची जवारी थोडी बोथट व्हायची. पण खरखर नाही. ऐकू येईल तर स्वच्छ, नाहीतर पूर्ण शांतता.

मावशीच्या फ्लॅटच्या सगळ्या खिडक्या पश्चिमेला. तिने महिनाभर प्रयत्न केले आणि मग संच सरळ जिन्याच्या चौकात नेऊन ठेवला, तिथली खिडकी पूर्वेची होती म्हणून. संध्याकाळी ती खुर्ची टाकून तिथेच बसायची. वरचे-खालचे लोक पायऱ्यांवर टेकायचे. एका मित्राने गाडीत लावून पाहिला. मोकळ्या रस्त्यावर झकास, झाडांची रांग आली की शब्दच गिळायचा. अमेरिकेत उपग्रह रेडिओवाल्यांनी शहरांतून जमिनीवर रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुन्हा सोडणारी यंत्रं, उभारले होते, त्यामुळे उंच इमारतींच्या आडही तिथे ऐकू यायचं. आपल्याकडे तसं जाळं झालंच नाही. म्हणून आमचा पोर्टेबल रेडिओ तुळशीवृंदावनासारखा एका जागी, आणि माणसं त्याच्याभोवती.

कंपनी काढली ती इथिओपियात जन्मलेल्या नोआ समारा यांनी, १९९० मध्ये. आफ्रिकेतल्या दूरच्या गावांपर्यंत माहिती पोचावी ही मूळ कल्पना, म्हणून पहिला उपग्रह आफ्रिस्टार, १९९८ चा. प्रत्यक्षात वर्गणी भरणारे बहुतांश निघाले भारतातले. ए. आर. रहमान यांची जाहिरात अनेकांना आठवत असेल. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा बंद झाली.

त्या संध्याकाळी बाबा बराच वेळ खिडकीपाशी होते. काय लागलं होतं ते मला आठवत नाही, आठवायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे चहा घेऊन बटण दाबलं, अँटेना थोडी इकडे-तिकडे करून पाहिली, आणि पेपर उघडला.

संच अजून आहे. त्यात एफएम आणि मध्यम लहरीही आहेत, त्यामुळे आता तो स्वयंपाकघरात आईपाशी असतो, अधूनमधून गॅलरीतही जातो. अखेर पोर्टेबल झाला म्हणायचा. अँटेना माळ्यावर. मागच्या वर्षी घराला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याने कट्टा घासला, त्यात दोन्ही रेघा गेल्या.