धुऱ्याचा वाद आणि ध्रुवांचे करार

दोन शेजारी कास्तकारांचा धुऱ्याचा वाद तहसीलपासून दिवाणी न्यायालयापर्यंत वर्षानुवर्षे चालतो, पण त्यापायी सामाईक विहिरीवरची पाण्याची पाळी मोडत नाही, हे आमच्या यवतमाळकडच्या गावांत कोणालाही नवे नाही. १ डिसेंबर १९५९ रोजी बारा देशांनी केलेला अंटार्क्टिक करार याच शहाणपणावर उभा आहे. त्याच्या चौथ्या कलमाने कोणाचाही भूभागावरचा दावा मान्य केला नाही आणि फेटाळलाही नाही. करार लागू असेपर्यंत नवा दावा करता येणार नाही, एवढेच ठरवले. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी त्यावर एकत्र सह्या केल्या. पुढे १९८२ मध्ये फॉकलंड बेटांसाठी ब्रिटन आणि अर्जेंटिना प्रत्यक्ष लढले. अंटार्क्टिक द्वीपकल्पावर या दोघांचे दावे एकमेकांवर चढलेले असूनही दोघांपैकी कोणीच करार सोडला नाही.

उत्तर ध्रुवाभोवती असा करार नाही. तेथील आठ देशांची आर्क्टिक परिषद १९९६ च्या ओटावा जाहीरनाम्यातून जन्मली आणि लष्करी सुरक्षेचा विषय तिने मुद्दाम कक्षेबाहेर ठेवला. ती सोय फेब्रुवारी २०२२ पर्यंत चालली. युक्रेनवर आक्रमण झाले तेव्हा परिषदेचे अध्यक्षपद रशियाकडेच होते, आणि मार्चमध्ये उरलेल्या सात सदस्य देशांनी बैठकांना जाणे थांबवले. २०२३ मध्ये अध्यक्षपद नॉर्वेकडे गेल्यावर कार्यगटांचा व्यवहार आधी लेखी स्वरूपात आणि मग दूरदृश्य बैठकांतून सुरू झाला. परिषद टिकली, हे नॉर्वेच्या चिकाटीचे यश मानावे लागेल.

तथापि परिषद टिकणे आणि विज्ञान चालू राहणे या वेगळ्या गोष्टी आहेत. आर्क्टिक महासागराचा जवळपास अर्धा किनारा रशियाचा आहे, आणि सायबेरियातील कायम गोठलेली जमीन वितळून किती कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन बाहेर पडतो, हे तेथील नोंदींशिवाय नीट समजू शकत नाही. पाश्चात्त्य संस्थांशी असलेले सहकार्य तुटल्याने त्या नोंदींचा ओघ आटला आहे. उपग्रहांमुळे काही उणीव भरून निघते. पण जमिनीच्या पोटातील तापमान आकाशातून थेट मोजता येत नाही, आणि निसटलेल्या वर्षाची नोंद पुन्हा घेता येत नाही.

याचा आमच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. आर्क्टिकमधील घटते बर्फ आणि भारतातील मोसमी पाऊस यांचे नाते गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ तपासत आहेत. ते नाते अद्याप पुरते उलगडलेले नाही, त्यामुळे ध्रुवावर बर्फ वितळले म्हणून आमच्यावर दुबार पेरणीची पाळी आली, असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. (वर्तमानपत्रांचे मथळे मात्र तो सर्रास करतात.) परंतु उत्तर शोधायचे तर नोंदी सलग हव्यात, आणि कोरडवाहू पऱ्हाटी व सोयाबीन करणाऱ्या मुलखाला त्या उत्तराची गरज इतरांपेक्षा कमी नाही.

दक्षिण ध्रुवाकडे धोका वेगळा आहे. तेथे कोणी करार मोडत नाही. सर्वसहमतीच्या नियमाचा आधार घेऊन निर्णय मात्र अडवले जातात. अंटार्क्टिक सागरी जीवसंपदेच्या आयोगाने २०१६ मध्ये रॉस समुद्राचे संरक्षित क्षेत्र मंजूर केले. पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्राचे प्रस्ताव त्यानंतरही रशिया आणि चीन यांच्या विरोधामुळे पडून आहेत. क्रिल या कोळंबीसारख्या इवल्या सागरी जीवाची मासेमारी उपक्षेत्रांत विभागून देणारा नियम २०२४ मध्ये सहमतीअभावी संपला आणि पुढच्याच हंगामात ६,२०,००० टनांची मर्यादा गाठली जाऊन मासेमारी मुदतीआधी बंद करावी लागली. मला उघड भांडणापेक्षा ही मूक अडवणूक अधिक घातक वाटते, कारण तिची बातमी होत नाही.

अशा वेळी भारताचे स्थान मोलाचे आहे. अंटार्क्टिकावर मैत्री आणि भारती, तर आर्क्टिकमधील नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून हिमाद्री ही आपली केंद्रे आहेत. आर्क्टिक परिषदेत २०१३ पासून आपण निरीक्षक आहोत आणि २०२४ मध्ये अंटार्क्टिक कराराची बैठक कोचीत भरली होती. रशियाशी आणि नॉर्डिक देशांशी एकाच वेळी बोलू शकणारे देश फार नाहीत. या स्थानाचा उपयोग केवळ सागरी मार्ग आणि खनिजांच्या वाटाघाटींसाठी न करता सायबेरियातील मोजमापे सर्वांना खुली राहावीत यासाठी करावा, असे मला वाटते. अनेक देशांनी मिळून ध्रुवांचा अभ्यास करण्याचे पुढील आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष २०३२-३३ मध्ये योजले आहे, आणि त्यात रशियन केंद्रांच्या नोंदी कोणत्या वाटेने येणार, हे त्याच्या आखणीतच ठरवून घेण्यास अजून अवधी आहे.