तुम्ही विचारलंत म्हणून: चौदा हजार मैलांची जॅग्वार

घेतली तेव्हा मीटरवर १४,२०० मैल होते असं सांगितलं, की समोरच्याचे डोळे विस्फारतात. "अहो, म्हणजे नवीच की!" आणि मग हमखास येणारा प्रश्न: "आम्हाला अशी एखादी मिळाली, तर घ्यावी का?" मंडळाच्या गणपतीत आरतीपेक्षा कार पार्कमध्येच जास्त वेळ जातो माझा, तो या प्रश्नापायी.

गाडी १९९५ची जॅग्वार एक्सजेएस. चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, कापडी छप्पर. मी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत राहतो आणि गाडीही इथलीच, ब्राउन्स लेनच्या कारखान्यातली. हे मॉडेल १९७५ साली आलं ते बंद छपराचंच. अमेरिका सुरक्षेच्या नावाखाली उघड्या गाड्यांवर बंदी आणणार अशी तेव्हा धास्ती होती. बंदी काही आली नाही, पण कारखान्याची पुरती उघडी एक्सजेएस यायला १९८८ उजाडलं. १९९६पर्यंत सगळे प्रकार मिळून एक लाख पंधरा हजारांवर गाड्या बनल्या. तेव्हा एक्सजेएस काही दुर्मीळ नव्हे. दुर्मीळ आहे तो मीटरवरचा आकडा, आणि आपण भुलतो तेही त्यालाच.

मीही भुललो. २०१६ साली वूस्टरशरमधल्या एका निवृत्त गृहस्थांकडून घेतली. गडद हिरवा रंग, फिकट लेदर, आत अक्रोडाचं लाकूड, पावसाचा थेंब पाहिला नसावा अशी. पत्नी गेल्यावर त्यांनी ती सात वर्षं गॅरेजमधून काढलीच नव्हती, विकायच्या आधी चाचणीला नेली तेवढीच. हे त्यांनी मला प्रामाणिकपणे सांगितलं होतं. मला मात्र त्यात "सात वर्षं जपली" असं ऐकू आलं.

घरी येताना मोटरवेवर जळका वास आला. मागचा एक ब्रेक जाम होऊन डिस्क तापली होती. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं. वर्षानुवर्षं बदललं नाही की पिस्टन आतून गंजतो. मग एकेक बाहेर पडू लागलं. टाकीतलं पेट्रोल शिळं. कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे, रबरी पाइप बाहेरून छान, दाबले की चिरा. टायरची नक्षी नव्यासारखी, पण बाजूवरचे तीन आकडे पाहिले तर बनलेले १९९८ साली! डिक्कीतल्या अस्तरात उंदरांनी संसार थाटलेला. कोकणातलं घर सात वर्षं कुलूप लावून ठेवा आणि मग दार उघडा, तसंच सगळं. यात गाडी बनवणाऱ्यांचा दोष नव्हता, ती चाललीच नव्हती एवढंच. पहिल्या वर्षात ३,८०० पौंड गेले. बायकोला मी अडीच हजार सांगितलेत. ती हे वाचणार नाही अशी आशा आहे.

आमचे बाबा दर रविवारी फियाट सुरू करून सोसायटीला दोन चकरा मारून आणायचे. कुठे जायचं नसलं तरी. आम्ही हसायचो.

तर, घ्यावी का? आधी एक करा. इथे वार्षिक तपासणीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. गाडीचा नंबर टाकला की २००५ नंतरच्या तपासण्या आणि प्रत्येक वेळचे मैल. दरवर्षी चार-पाचशे मैल वाढत गेलेली गाडी दिसली तर पुढे बोला. मध्येच काही वर्षं नोंदच नसेल, तर ती उभी होती असं धरा आणि किमतीतून दुरुस्तीचे पैसे वजा करून मगच भाव सांगा. दोन्हींच्या मीटरवर चौदा हजारच असतील, पण त्या दोन वेगळ्या गाड्या आहेत. छप्पर दोनदा उघडून-मिटून बघा. विक्रेता "बॅटरी जरा उतरलीय" म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. आणि बारा सिलिंडरवाली दिसली तर आवाज ऐका, कौतुक करा आणि घरी या. (हे माझं मत. जॅग्वारवाल्यांच्या क्लबातले लोक यावरून भांडतात.)

माझ्या गाडीवर आता ३१,४०० मैल आहेत. एका संग्राहकाने मीटर पाहून "अरेरे, किंमत घालवलीत!" म्हटलं. घालवली खरी. पण आता ती हिवाळ्यातही एका किल्लीत सुरू होते. छप्पर बटणावर मागे जातं; त्यावरचं कव्हर मात्र हातानेच बसवायचं, आणि त्याची बटणं लावता लावता ऊन जातं.

शनिवारी ॲबरिस्टविथला निघतोय, समुद्र बघायला. मागच्या सीटवर दोन लहान मुलं मावतात, किंवा एक मोठा माणूस आडवा. यायचं असेल तर सांगा.