निंभोऱ्याच्या पुढं, बाभळीखाली

घरी माझा जप ओट्याशेजारी चालतो. देवघर तिथंच, भिंतीला. सकाळी सव्वासहाला हातात माळ आणि कान कुकरकडे. चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. पंधरा वर्षं हेच. गेल्या वर्षी एकदा लक्षात आलं, की किती मणी झाले ते मला कधीच सांगता येत नाही, शिट्ट्या मात्र आजवर एकदाही चुकलेल्या नाहीत. फार लाज वाटली. त्याच दिवशी ब्रँचमध्ये रजेचा अर्ज टाकला. मिळाली तेवढी रजा पंढरीच्या वारीत आळंदी ते फलटण चालायला पुरत होती. मावशीच्या दिंडीची भिशी, म्हणजे वारीची वर्गणी, भरली आणि निघाले. देवाजवळ जरा निवांत बसायला मिळेल, एवढाच हेतू.

निवांत! लाखो माणसांत!

पहाटे अडीचला टँकरखाली आंघोळ, पंधरा बायका आणि नळ दोन. राहुटीत माझ्या डाव्या हाताला घोरणाऱ्या काकू, उजव्या हाताला रात्री बारापर्यंत सुनेशी फोनवर भांडणाऱ्या. चालताना पुढच्या दिंडीचा अभंग एका तालात, मागच्या दिंडीचा दुसऱ्याच, आणि मधेच पाणी वाटणाऱ्या कुणा भाऊंच्या मांडवातला कर्णा. सासवडला जायच्या दिवशी एकादशी. पोटात भगर आणि समोर दिवे घाट. तिथं एक कॅमेरावाला पोरगा मला म्हणाला, "माऊली, जरा टाळ वर धरा ना, हसा." हसले. मग दोन वळणं स्वतःवरच चिडत चढले.

आणि फोन. मुलगा विचारतोय, गिझरचं बटण कुठलं. ब्रँचमधून विचारतायत, ती फाइल कुठल्या कपाटात. बंद करून टाकावा म्हटलं तर सासूबाईंच्या गुडघ्याची काळजी. फक्त संध्याकाळच्या हरिपाठापुरता बंद ठेवायचे. त्यातही तोंडानं हरिपाठ आणि मनात, आता कुणाचा आला असेल.

जेजुरीला भंडारा, नीरेला माऊलींचं स्नान, लोणंद, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण. सगळं पाहिलं. लोक विचारतात रिंगण कसं होतं. मला घोड्यापेक्षा माझी टाचच जास्त आठवते.

तरडगावहून निघालो तेव्हा डाव्या टाचेला फोड होता, लिंबाएवढा. निंभोऱ्याच्या ओढ्यावर दुपारचं जेवण झालं आणि उठून पाय टेकला तर डोळ्यांत पाणीच आलं. मावशीला म्हटलं, तुम्ही व्हा पुढं. थोडं पुढं रस्त्याकडेला एक बाभूळ होती. तिच्या फाटक्या सावलीत बसले. मनात आलं, चला, फोडाच्या निमित्तानं का होईना, एकटं बसायला तरी मिळालं. पिशवी बाजूला ठेवली, डोळे मिटले.

"लई दुखायलंय का माय?"

सत्तरीची एक आजी. नऊवारी, डोक्यावर तुळस. तिनं तुळस बाभळीच्या बुंध्याला टेकवली आणि मी काही म्हणायच्या आत माझा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. परभणीकडची. तिची दिंडी रथामागची, पण ही कशी काय पुढं आली होती कुणास ठाऊक. कनवटीच्या पिशवीतून सुई-दोरा काढला, काडेपेटीची काडी ओढून सुई त्यावर धरली, आणि फोडातून दोरा ओवून दोन्ही टोकं बाहेर ठेवून तोडला. "पाणी निथळू दे. कातडं वढू नगंस." दुखलं नाही, हे खरं सांगते.

आता जाईल, असं मला वाटलं. ती बसली. आणि बोलायला लागली. सोयाबीनची पेरणी उरकून आले, पाऊस पडला का नाही देव जाणे. थोरल्यानं ट्रॅक्टर घेतलाय, हप्ते थकलेत. धाकटीला दिवस गेलेत. म्हैस आटली. दाढ दुखते. मी हो हो म्हणत होते आणि आतून चिडचिड होत होती. देवा, एक तास मागितला तुझ्याकडे, त्यात ही पाठवलीस?

म्हशीचं काहीतरी सांगता सांगताच ती झोपली. मान कलली ती माझ्या खांद्यावर, आणि थोड्या वेळानं घसरून डोकं मांडीवर. केसांना खोबरेल आणि बुक्क्याचा वास. तोंड उघडं, एक दात सोन्याचा.

पिशवी हाताला लागत नव्हती. फोन वाजला. थांबला. पुन्हा वाजला. उठायचं तर तिला उठवायला लागणार. नाही उठवलं. फोनही मग कंटाळला असावा.

माळ पिशवीतच. जप झाला नाही. देवाकडे मागायची यादी घरून करून आणली होती, मुलाची ॲडमिशन, सासूबाईंचा गुडघा, माझी बदली. त्यातलं एकही आठवेना. रस्त्यावरून दिंड्या जात होत्या, टाळ जवळ यायचे, लांब जायचे. मधे एखादी रिकामी जागा यायची, तेव्हा बाभळीचा पाला हलताना ऐकू यायचा. टाच ठणकत होती, मांडीला मुंग्या आल्या होत्या, एक मुंगळा आजीच्या पदरावरून शांतपणे तुळशीकडे निघाला होता. त्याला मी शेवटपर्यंत जाऊ दिलं. किती वेळ गेला माहीत नाही. देव दिसला वगैरे काही नाही. पण त्या वेळात मी दुसरीकडे कुठंही नव्हते.

जागी झाल्यावर माझ्यावरच ओरडली. "उठवायचं न्हाई व्हय? रथ गेला असंल की!" मग वाकून माझ्या पायाला हात लावला, मी तिच्या. तुळस डोक्यावर घेऊन ती माझ्या दुप्पट वेगानं निघून गेली. नाव विचारायचं राहिलं.

संध्याकाळी फलटणला, विमानतळाच्या मैदानावर समाजआरतीला चोपदारांनी दंड उंचावला आणि एवढ्या मोठ्या तळावर टाळ थांबले. एका दिंडीचे तेवढे वाजत राहिले, काहीतरी गाऱ्हाणं असणार. मी रथामागच्या दिंड्यांकडे माना वळवून वळवून पाहत होते. हजार नऊवाऱ्या आणि तितक्याच तुळशी. हरवलेल्या वस्तूंची यादी वाचून झाली, आरती झाली. सकाळी मी एसटी पकडली. पालखी बरडकडे वळली तेव्हा मी खिडकीपाशी रडत होते, आणि शेजारचा माणूस शेंगा खात टरफलं माझ्या पायाशी टाकत होता. त्याचाही राग आला.

आता पुन्हा तेच. सव्वासहा, माळ, कुकर. परवा तीन शिट्ट्या झाल्या की चार, ते मला आठवेना. वास आल्यावर नवरा आतून ओरडला, "अगं, भात लागला!"