दिवे घाटात तापणारी ८००: दोष सापडला

माझी १९९४ची कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० आज दिवे घाट दोनदा चढली आणि दोन्ही वेळा तापमानाचा काटा अर्ध्याच्या जरासा वर जाऊन थांबला. फेब्रुवारीपासून ज्या दुखण्याच्या मागे होतो ते हाती लागलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

तक्रार अशी. मगरपट्ट्याच्या सिग्नलला भर दुपारी वीस मिनिटं अडकलो तरी गाडी शांत. काटा चढायचा, फॅन लागायचा, काटा उतरायचा. पण वडकी सोडून घाट लागला, गाडी दुसऱ्या गिअरवर ओढायला लागली, की खाली मस्तानी तलाव दिसेपर्यंत काटा ‘एच’ला (हॉट) टेकायला आलेला. फॅन चालू असूनही.

निम्मं निदान इथेच होतं. उभ्या गाडीला हवा फक्त फॅन देतो. त्यामुळे ट्रॅफिकमध्ये तापणारी आणि हायवेला निवणारी गाडी असेल तर फॅन, त्याचा स्विच, रिले हे आधी बघावं. माझं उलटं होतं. चढावर इंजिन पूर्ण जोर लावतं, उष्णता कितीतरी जास्त तयार होते आणि ती वाहून न्यायला पाणी तेवढ्या वेगाने फिरावं लागतं. हवा पुरत होती, पाण्याचं फिरणं कमी पडत होतं. तरीही दोन गॅरेजमध्ये ‘फॅन डायरेक्ट करून टाका’ (म्हणजे स्विच वगळून कायम चालू ठेवा) हेच ऐकलं, आणि एकाने थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकायला सांगितलं. तो सल्ला मला अजिबात पटत नाही. आधीच्या मालकाने तो काढलेलाच होता. तेव्हा थंडीत इंजिन गरमच व्हायचं नाही, चोक ओढून दोन-तीन किलोमीटर जावं लागायचं आणि ॲव्हरेज पडलेलं असायचं. मी नवा बसवला होता. या वेळी तो खोलून, दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडला आणि शेजारी थर्मामीटर धरला. त्यावर ८२चा शिक्का आहे. ८३ अंशांना हलायला लागला, ९४ला पूर्ण उघडला. थर्मोस्टॅट निर्दोष.

मनात भीती होती ती हेड गॅस्केटची, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधल्या सीलची. ते गेलं की गॅस पाण्यात शिरतो. थंड इंजिनाला रेडिएटरची कॅप काढून गाडी सुरू केली: बुडबुडे नाहीत. डिपस्टिकवर तेल स्वच्छ, दुधी नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. सुरू केल्या केल्या रेडिएटरचा रबरी होजही कडक होत नव्हता. टायमिंग लाइट लावून पाहिलं, ठिणगीचं टायमिंग जागेवर. प्लगचा रंग तपकिरी, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिक्श्चरही ठीक. काटाच खोटं बोलत असेल का, तर तेही नाही. घाटमाथ्यावर लेझर थर्मामीटरने थर्मोस्टॅटचं घर (हाउसिंग) १०४ दाखवत होतं. (चकचकीत धातूवर हे थर्मामीटर चुकतं. काळ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर नेम धरा.)

मग त्याच थर्मामीटरने रेडिएटर तपासला. वरचा होज ९६, खालचा ६२. नीट चालणाऱ्या गाडीत हा फरक साधारण दहा-पंधरा अंशांचा असतो. एवढी तफावत म्हणजे पाणी आत रेंगाळत होतं. जाळीवर खालच्या कोपऱ्यात दोन मोठे थंड पट्टे सापडले. रेडिएटर उतरवला, खालचं तोंड तळहाताने दाबलं, वरून पाणी भरलं आणि हात काढला. भसकन पडायला हवं होतं, नळासारखी धार आली.

नाना पेठेतल्या एका जुन्या कारागिरांकडून रॉडिंग करून घेतलं. वरची टाकी झाळ सोडवून काढली, एकेका नळीतून पातळ पट्टी फिरवली. बोअरच्या पाण्याचे क्षार निघाले आणि त्यासोबत पिवळा चिखल. काका बघताच म्हणाले, “हळद आहे.” गळती थांबवायला कुणीतरी कधीतरी ओतलेली. गळती थांबते खरी, पण बारीक नळ्याही बुजतात.

मला वाटलं, झालं काम. पुढच्या रविवारी घाटात काटा पुन्हा चढला, फक्त एक वळण उशिरा.

त्या संध्याकाळी मुलीला ड्रायव्हिंग सीटवर बसवलं. न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन पूर्ण गरम. मी बॉनेट उघडून टॉर्च घेऊन खाली वाकलो आणि घाटातल्या आवाजाइतकी रेस द्यायला सांगितली. खालचा होज डोळ्यांदेखत चपटा झाला. “बाबा, सोडू का?” तिने पाय काढला, होज पुन्हा गोल. तीनदा केलं, तीनदा तेच. पंप खालच्या होजमधूनच पाणी ओढतो. रबर मऊ पडलं असेल तर जास्त रेसला ओढीने तो आत बसतो आणि ऐन गरजेच्या वेळी वाट बंद होते. आयडलिंगला हे कधीच दिसणार नाही. आधी रेडिएटर तुंबलेला असल्याने ओढ आणखी वाढत असणार, म्हणून रॉडिंगनंतर एका वळणाचा फायदा झाला. काढलेला होज बोटांनी मिटत होता, आतला थर तेल लागून फुगलेला, मधे धाग्याची वीण नाहीच. विणीचा जाड होज लावला, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं, हवा काढली.

आजच्या दुसऱ्या चढाईला हाउसिंगवर ९३.

एक काम शिल्लक आहे. सकाळी थंड गाडीत वरचा होज किंचित आत गेलेला दिसतो आणि रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीत चढलेलं पाणी पूर्ण परत येत नाही. रेस देताना चपटा होणं वेगळं आणि थंड होताना चपटा होणं वेगळं. हे दुसरं कॅपमधल्या छोट्या व्हॅक्यूम व्हॉल्व्हचं दुखणं आहे. नवी कॅप सांगून ठेवली आहे.

कुणी घाटात अडकलंच तर गरम इंजिनावर थंड पाणी ओतू नका, हेड ॲल्युमिनियमचं आहे, वाकतं. कॅप तर अर्धा तास उघडूच नका. मे महिन्यात चार माणसं बसवून खंबाटकी चढणार आहे, तेव्हाचे आकडे लिहीन.