गाडी तापली, दोष कापसाचा

मे महिन्यातली भर दुपार. इलेक्ट्रिक गाडीनं माजलगावहून परभणीला निघालो अन् पाथरीच्या पुढं डॅशबोर्डवर इशारा: बॅटरी तापली. एसी मंदावला, गाडीची ताकदही उतरली. लिंबाखाली तासभर थांबलो. सर्व्हिसवाला फोनवरच म्हणाला, "बॅटरी बदलावी लागंल." मला काही पटंना.

घरी बोनेट उघडलं. कूलंटची (बॅटरी थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी बरोबर, पंपही चालू. मग टॉर्च मारला तर कंडेन्सर (एसीची जाळी) आणि रेडिएटर (कूलंट थंड करणारी जाळी) यांच्या मधल्या फटीत कापसाचे पुंजके अन् धुळीचा थर! हवाच जाईना, तर कूलंट थंड होणार कुठून? हिवाळाभर मानवतच्या कापूस जिनिंग कारखान्यापुढून ये-जा केली, दुसरं काय.

गाडी बंद करून मऊ ब्रश अन् पाण्याची हलकी धार. जोराच्या धारेनं जाळीच्या पातळ पत्र्या वाकतात. पुढल्या खेपेला ४२ अंशांतही इशारा नाही. दुपारी फास्ट चार्जिंग मात्र अजून टाळतो.